फॅट किती लागली

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. रविवार, रात्रीची जेवणं झालेली, आणि पुण्यात त्या आठवड्यात इतकं उकडत होतं की पंख्याखाली बसूनही पाठ ओलीच. आप्पा गावाहून आलेले, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, पण शुगर खाली येईना म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढे ढकललेली. लेकानं खालच्या दुकानातून आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणला, बटरस्कॉच, ७०० मिलीचा, आणि सगळ्यांना वाट्यांत काढून दिलं. आप्पांनाही एक छोटी वाटी. त्यांनी चमचा हातात घेतला, मग डबा जवळ ओढला, डोळ्यांपासून लांब धरला, परत जवळ आणला, आणि शेवटी माझ्याकडे दिला. "बघ गं, काय लिवलंय मागं. फॅट किती हाय?"

मी वाचून दाखवलं. दर १०० ग्रॅमला ऊर्जा २०९ किलोकॅलरी, टोटल फॅट १०.५ ग्रॅम, त्यातली सॅच्युरेटेड ६.२, एकूण साखर २२ ग्रॅम, त्यातली वरून घातलेली १७.५. इथपर्यंत थांबले असते तरी चाललं असतं. पण माझा आवाज तोवर बदललेला होता. साखरेचा आकडा मी दोनदा वाचला, सॅच्युरेटेडवर जोर दिला, आणि वर म्हणलं, आप्पा मागची एचबीएवनसी, ती तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, किती आली होती आठवतंय ना, डॉक्टर काय म्हणाले होते. सगळं प्रेमानंच, काळजीनंच. आप्पांनी चमचा वाटीत ठेवला, टणकन नाही, अगदी हळू, आणि वाटी टीपॉयवर सरकवली. "राहू दे मग. पोराला दे."

पोरानंही ती घेतली नाही.

सकाळी सहाला उठून बाहेर आले तर वाटी तिथंच. रात्रभर त्या उकाड्यात राहिलेली, पण आतलं आइस्क्रीम वितळून दूध झालंय असं काही नव्हतं. खाली तळाला पिवळट पाक सुटलेला आणि वर स्पंजासारखा एक ढीग तसाच उभा, चमचा त्यात रुतलेला. मी चमचा काढला तर भोक तसंच राहिलं. सिंकमध्ये पाणी सोडलं तरी तो फेस लवकर विरघळेना, बोटानं रेटावा लागला. आप्पा मागे येऊन उभे राहिले होते ते मला कळलंच नाही. त्यांना अंधुक दिसत होतं तरी त्यांनी वाकून बघितलं, काही बोलले नाहीत, आणि दात घासायला गेले.

तेव्हापासून ते मनात अडकून बसलं. त्यांनी आइस्क्रीम खाल्लं नाही याचं इतकं काही नाही, शुगर होतीच वाढलेली. मला टोचत होतं ते दुसरंच. आप्पांनी विचारलं होतं 'फॅट किती हाय', आणि हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्या आवाजात भीती कधीच नव्हती. उलट.

आप्पा पस्तीस वर्षं आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. गडहिंग्लज तालुक्यात, नाव नाही लिहीत. सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच, दिवाळी असो लग्न असो, संस्था उघडी म्हणजे उघडी. शेडमध्ये रांग लागायची, बायकाच जास्त, डोक्यावर पदर, हातात किटली, काखेत पोर. दूध आधी मापात ओतायचं, आणि मग आप्पा थांबायचे. घाईत ओतलेल्या दुधाला फेस येतो, फेसासकट मापलं तर लिटरला पन्नास-शंभर मिली असंच जातं, कधी इकडे कधी तिकडे. फेस बसला की मगच आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम. मग छोट्या बाटलीत सॅम्पल. भाव लिटरवर नाही, फॅटवर. गाईला साडेतीन आणि साडेआठ, म्हशीला सहा आणि नऊ, म्हणजे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), हे आकडे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही पाठ असतात. "फॅट किती लागली?" हा गावातला रोजचा प्रश्न. साडेसहा लागली तर ती बाई शेजारणीला दोनदा सांगायची. सरकी पेंड बदलली की फॅट बदलते, म्हस आटायला आली की वाढते, पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक झाला की पातळ होते, हे सगळं त्या एका आकड्यात यायचं. फॅट म्हणजे म्हशीचं खाणं, बाईचे कष्ट, पोराची फी.

आणि ती मोजायची कशी ते मी इतक्यांदा बघितलंय की आजही हात जाईल. काचेची नळी, ब्युटायरोमीटर, मान लांब, मानेवर रेघा. आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग कडेकडेनं १०.७५ मिली दूध, घाई केली तर दूध करपतं, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. रबरी बूच लावून फडक्यात धरून हलवायचं, नळी हाताला चटका लागेल इतकी तापते आणि आतलं दूध बघता बघता कॉफीसारखं होतं. एक उग्र, नाकात बसणारा वास, तो आप्पांच्या सदऱ्याला कायमचा होता आणि त्या सदऱ्यांना बारीक बारीक भोकंही, ॲसिडच्या थेंबांची. मग त्या नळ्या गोल यंत्रात घालून हँडल फिरवायचं, आधी हळू, मग जोरात. थांबलं की नळी उजेडाकडे धरायची. काळपट पाण्यावर सोनेरी, स्वच्छ, पारदर्शक अशी फॅट उभी असायची, बोटाच्या पेराएवढी. आप्पा एक डोळा मिटून ती रेघ वाचायचे. लहानपणी मला वाटायचं दुधात सोनं असतं आणि ते आप्पा काढून दाखवतात.

हाच हात उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या पॉटचं हँडल फिरवायचा. सुट्टीत आत्याची पोरं आली की निपाणीहून पॉट भाड्यानं आणायचा, लाकडी बादली, आत पत्र्याचं भांडं. बाजूनं बर्फ आणि खडे मीठ, मिठानं बर्फ शून्याच्याही खाली गार होतो एवढं विज्ञान आम्हाला तिथंच कळलं. वर गोणपाट टाकून त्याच्यावर एका पोरानं बसायचं म्हणजे पॉट हलत नाही, बूड बधिर झालं की दुसऱ्यानं बसायचं. हँडल जड झालं की आप्पा म्हणायचे, "आलं, आलं, धरलं आता." झाकण उघडताना मीठ आत जाऊ नये म्हणून सगळे श्वास रोखून. म्हशीचं आटवलेलं दूध, साखर, पिकलेल्या आंब्याचा रस, बाकी काही नाही. खाताना मधेच बर्फाची कणी दाताखाली कचकन यायची आणि पाच मिनिटांत वाटीतलं सगळं पातळ, मग ते प्यायचं. टाळूवर काही राहायचं नाही, नुसता गारवा आणि दुधाचा तो जड वास.

तर त्या सकाळनंतर रात्री, सगळे झोपल्यावर, मी फ्रीजरमधून उरलेला पॅक काढला आणि किचनच्या वजनकाट्यावर ठेवला. केकसाठी घेतलेला काटा. का ठेवला तेव्हा सांगता आलं नसतं. पॅक अर्धाच उरला होता, मग दुसऱ्या दिवशी तसाच एक नवीन आणून, सगळं आइस्क्रीम दुसऱ्या डब्यात काढून, रिकाम्या खोक्याचं वजन वजा करून परत केलं. ३७६ ग्रॅम. ७०० मिली आणि ३७६ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ निम्मी हवा. ही चोरी नाही, नियमातच आहे, आपल्याकडे एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे असं एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, मानक आहे, त्या हिशेबानं ७०० मिलीला ३६७ च्या वर काहीही चालतं. आणि हवा नसेल तर आइस्क्रीमचा दगड होतो, पॉटमध्ये हँडल फिरवतानाही हवाच आत जाते, फक्त थोडी. हे सगळं मला समजतं. पण फेस बसेपर्यंत थांबणाऱ्या माणसाची मी मुलगी, काट्यावरचा आकडा बघून पोटात काहीतरी हललंच.

आणि मग दुसरं लक्षात आलं, ते जास्त लागलं. मागचा तक्ता १०० ग्रॅमचा. आप्पांच्या वाटीत मी नंतर पाणी मोजलं, १२० मिली मावतं. त्यात आइस्क्रीम भरलं तर चौसष्ट-पासष्ट ग्रॅम. म्हणजे वरून घातलेली साखर साडेसतरा नव्हती, साधारण अकरा ग्रॅम होती, अडीच चमचे. कॅलरी एकशे पस्तीसच्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात असतात तेवढ्या. पॅकवर साखरेचं दिवसाचं प्रमाण ५० ग्रॅमवर धरलेलं असतं, त्याच्या एक पंचमांशाहून थोडं जास्त. शुगर असलेल्या माणसाला हेही कमी नाही, मान्य आहे. पण मी आप्पांपुढे जे वाचून दाखवलं ते त्यांच्या वाटीत नव्हतंच. मिली एका बाजूला, ग्रॅम दुसऱ्या बाजूला, आणि मधली हवा कुणी मोजत नाही. आप्पांनी आयुष्यात कधी कुणा बाईचं दूध असं मोजलं नसतं.

मग मी खोक्याची ती दुसरी बाजू वाचायला घेतली जी कुणीच वाचत नाही, मीही वाचली नव्हती. घटक. पाणी, साखर, वनस्पती तेल, दुधाची पावडर, लिक्विड ग्लुकोज, बटरस्कॉचचे दाणे, आणि मग इमल्सिफायर ४७१, स्टॅबिलायझर ४१२, ४६६, ४०७, रंग १०२. हे आकडे बघितले की छातीत धस्स होतंच ना, कारखान्यातलं काहीतरी पोरांच्या पोटात चाललंय असं वाटतं. मोबाइलवर एकेक शोधत बसले. ४१२ म्हणजे ग्वार गम, आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. ४०७ समुद्री शेवाळातून निघतं. ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे. ४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. आणि इथं मी थांबले, कारण कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज म्हणजे सीएमसी. आणि ४७१ मध्ये ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट येतं, म्हणजे जीएमएस.

जीएमएस आणि सीएमसी! १९९१ साली आमच्याकडे फ्रीज आला आणि पॉट बंद झाला, तेव्हा आईनं महिला मंडळाच्या क्लासात आइस्क्रीम शिकलं होतं. गडहिंग्लजच्या बाजारातून कागदाच्या पुड्यांत जीएमएस पावडर आणि सीएमसी पावडर यायची, आणि ते डबे वेलदोड्याच्या डब्याशेजारी असायचे, आईच्या अक्षरात चिठ्ठी लावलेले. जीएमएस एक चमचा, सीएमसी पाव चमचा, कॉर्नफ्लॉवर दोन चमचे, अर्धा लिटर दूध. शिजवून, गार करून, फ्रीजरला लावायचं, अर्धवट गोठलं की काढून बीटरनं फेटायचं, साय घालायची, ते फुगून दुप्पट व्हायचं आणि आम्ही टाळ्या पिटायचो. दुप्पट कशानं झालं, हवेनंच. बर्फाची कणी लागत नाही म्हणून आई किती खूश असायची. आज ज्या दोन आकड्यांना मी दचकत होते ते आमच्याच मांडणीवर होते, आईच्या हातून आलेले, म्हणून त्यांची भीती नव्हती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. रात्री पावणेबाराला ओट्याशी उभी राहून, हातात रिकामं खोकं धरून मला रडू आलं, हे लिहायला जरा संकोच वाटतोय पण आलं.

चार दिवसांनी आप्पांनीच विषय काढला. गॅलरीत बसलो होतो, ते शेंगा सोलत होते, बोटांना दिसण्याची गरज नसते. "त्या दिवशी तू साडेदहा म्हणालीस. कुणाची फॅट होती ती?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कुणाची म्हणजे?

"म्हशीची का गाईची? का आणि कसली? सकाळी वाटीत बघितलं न्हवं मी. दुधाची असती तर अशी उभी राहिली नसती."

मी सांगितलं. आप्पा, ते आइस्क्रीम नव्हतंच, कायद्यानं त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, खोक्यावर बारीक अक्षरात फ्रोजन डेझर्ट लिहिलेलं. आइस्क्रीम म्हणायचं तर किमान १० टक्के फॅट लागते आणि ती दुधाचीच लागते. फ्रोजन डेझर्टलाही १० टक्केच, पण तिथं वनस्पती तेल चालतं, बहुतेकदा पाम. प्रोटीन दोन्हीकडे किमान साडेतीन टक्के. म्हणजे मागचा तक्ता नुसता वाचला तर दोन्ही सारखीच दिसतात, ऊर्जा तेवढीच, फॅट तेवढीच. वाटीतला ढीग उभा राहिला तो नुसत्या पामनं नाही, डिंकांनी आणि इमल्सिफायरनंही राहतो, चांगल्या दुधाच्या आइस्क्रीमलाही हल्ली ते असतात, हेही सांगितलं. आप्पा ऐकत होते, शेंगा थांबलेल्या.

२०१७ साली यावरूनच अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात समोरासमोर आले होते ते मी त्यांना सांगितलं. अमूलनं जाहिरातीत दुधाचं आइस्क्रीम आणि वनस्पतीचं फ्रोजन डेझर्ट असा फरक दाखवला, समोरच्यांचं म्हणणं ही आमच्या मालाची बदनामी आहे, त्यातही दुधाचे घटक असतात, आणि कोर्टानं त्या जाहिराती थांबवायला सांगितलं. आप्पांना ते माहीत होतं. "पेपरात आलंतं. संस्थेत वाचून दाखवलंतं मी बायकांना." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "किलोभर खऱ्या आइस्क्रीमला शंभर ग्रॅम फॅट, म्हणजे सहा फॅटचं म्हशीचं दूध दीड-पावणेदोन लिटर. एवढं दूध कुणाचं तरी विकलं जातंय. पामला कोण आहे? कुठनं येतं ते?" बहुतेक इंडोनेशिया, मलेशिया, मी म्हणलं. त्यांनी मान हलवली. राग नव्हता चेहऱ्यावर, हिशेब होता. गेल्या काही वर्षांत दुधाचे दर पडले की रस्त्यावर दूध ओतलेले फोटो येतात पेपरात, ते फोटो आप्पा बघू शकत नाहीत, पान उलटतात.

मला इथं खरं लिहायचंय, कारण सोपं लिहिलं तर ते आप्पांच्या बाजूनं जास्त झुकेल. शरीराच्या हिशेबानं दुधाची फॅट फार वेगळी आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. दुधाच्या फॅटमध्ये साठ-पासष्ट टक्के सॅच्युरेटेडच असते, पाममध्ये त्याहून थोडी कमी, निम्म्याच्या आसपास. कोलेस्टेरॉल दुधात असतं, पाममध्ये नसतं. डालड्याच्या काळात ट्रान्स फॅटची भीती होती ती खरी होती, पण २०२२ च्या जानेवारीपासून तेलातुपात आणि त्यापासून केलेल्या पदार्थांत ट्रान्स फॅट फॅटच्या २ टक्क्यांच्या वर चालत नाही. साखर तर दोन्हीकडे सारखीच. मग शुगर असलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी दुधाचं आइस्क्रीम आणून दिलं म्हणजे काय औषध दिलं का? नाही. आणि तरीही आप्पांचा प्रश्न मला माझ्या प्रश्नापेक्षा मोठा वाटत राहिला. मी फक्त 'किती' वाचत होते. 'कुणाची' हे त्या तक्त्यात कुठंच लिहिलेलं नसतं, ते वरच्या घटकांत असतं, बारीक अक्षरात, जिथं खोक्याची घडी येते तिथं.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. शुगरच्या डॉक्टरांना मी फोनवर विचारलं, सरळ, की आइस्क्रीम द्यायचं का. बाई छान आहेत. म्हणाल्या, रोज नाही, जेवणावर वरून नाही, भात काढून टाका त्या जेवणातला आणि त्या जागी छोटी वाटी, महिन्यातनं एक-दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. शुगर-फ्री आणू का विचारलं तर म्हणाल्या, त्यात साखर नसते पण बाकी कार्ब्स असतातच, फॅटही असते, आणि शुगर-फ्री आहे म्हणून माणूस दोन वाट्या खातो. मी तेवढं लिहून फ्रीजवर लावलं.

पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी आप्पांना दुकानात घेऊन गेले. आप्पा म्हणाले मी वाचतो. नवीन चष्मा, नवीन डोळा. त्या काचेच्या फ्रीजरपाशी ते असे उभे राहिले जसे संस्थेत टेबलापाशी राहायचे, पाय जरा फाकवून. झाकण सरकवलं, गार वाफ चष्म्यावर आली, पुसला, परत वाकले. एकाच फ्रीजरमध्ये दोन्ही ठेवलेली असतात, शेजारी शेजारी, तोच आंबा, तोच पिस्ता, तसंच चित्र. दुकानातल्या पोराला कळेना हे आजोबा काय शोधतायत. आप्पांनी एकेक खोकं उचलायचं, उलटं करायचं, घडी सपाट करायची, अंगठ्यानं बर्फ पुसायचा आणि वाचायचं. ओठ हलत होते. चौथ्या की पाचव्या खोक्यावर थांबले. "हे बघ. मिल्क फॅट." खालचं तेल-बिल काही नव्हतं. ४१२ होतं, ४६६ होतं. मी त्यांना सांगितलं की हे आईचे डबे. त्यांनी खोकं जरा वेळ तसंच धरलं, बोटं लाल होईपर्यंत, मग टोपलीत ठेवलं. किंमत जवळजवळ दीडपट होती, ती त्यांनी बघितली आणि काही म्हणाले नाहीत, पैसे मात्र स्वतः दिले.

त्या रात्री भात नाही. भाकरी, गवारीची भाजी, कोशिंबीर. मग तीच छोटी वाटी. मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आवरत बसले, समोर बसून बघत राहिले असते तर परत काहीतरी बोलून गेले असते. लेक त्यांच्यापाशी होता. आवाज येत होता, आप्पा त्याला ब्युटायरोमीटर सांगत होते, ॲसिड आधी का, दूध कडेनं का, आणि तो विचारत होता ॲसिडनं दूध जळतं आणि फॅट कशी जळत नाही, आणि आप्पा म्हणाले तीच तर गंमत आहे, बाकी सगळं विरघळतं, ती तेवढी वर येऊन उभी राहते.

बाहेर आले तेव्हा वाटीत शेवटचा चमचाभर राहिला होता, मुद्दाम ठेवलेला, वितळत आलेला. आप्पांनी वाटी उचलली, दिव्याकडे केली, जरा तिरकी धरली आणि आतल्या कडेवरून ते कसं खाली उतरतंय ते एक डोळा मिटून बघत बसले. उतरताना कडेला पातळ, पांढरा थर मागे राहत होता. मग दुसरा डोळा मिटून, नवीन डोळ्यानं परत एकदा बघितलं. आणि वाटी तोंडाला लावली.